सप्ताहाची पेटी आणि हॉटेलची पेटी

दिवसा मी मोपाच्या पठारावर विमानतळाच्या गोदामात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळी मांद्र्याला एका हॉटेलात पेटी वाजवतो. समोर समुद्र असतो. पाहुणे जेवता जेवता हळू बोलतात, कोणी ऐकतं, कोणी ऐकत नाही. भात्यावर हात ठेवला की विमानांची घरघर, साहेबाची कटकट, सगळं विरघळून जातं. कधी कधी वाटतं, मी वाजवतच नाही, नुसता तिथे बसलोय आणि सूर आपले येताहेत.

अशा अवस्थेत माणसाला कर सुचत नाही. पगार तो पगार, पेटीचं मिळतं ती देवाची कृपा, आणि कृपेवर कर कसला? शिवाय हॉटेलवाला आपला कर कापूनच पैसे देत होता. म्हणून मी दरवर्षीसारखा पगारदारांचा साधा फॉर्म भरून मोकळा झालो. मग मोबाईलवर आयकर खात्याचा निरोप आला की तुमचं उत्पन्न जुळत नाही.

पेडण्याच्या बाजारात एक तरुण सीए बाई बसतात. त्यांनी शांतपणे समजावलं, "तुमचा साहेब फक्त पगार बघून कर कापतो. हॉटेलवाला फक्त पेटीचे पैसे बघतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. दोन्ही एकत्र केलं की तुम्ही वरच्या टप्प्यात जाता. राहिलेला फरक तुम्हीच भरायचा."

"म्हणजे दोघांनी कापूनही मी उरलोच!" मी म्हटलं.

त्या हसल्या. पेटीची दुरुस्ती, मांद्र्याला जाण्यायेण्याचा खर्च वजा करता येईल म्हणाल्या. मग फॉर्म बदलला आणि विचारलं, "व्यवसाय काय लिहू? वादक?"

मला सप्ताह आठवला. आमच्या गावच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह असतो. अखंड भजन चालतं, आणि प्रत्येक वाड्याचा पार, म्हणजे बसायची पाळी, ठरलेला असतो. वाड्याच्या पाराला पैसे घेऊन वाजवणारा चालत नाही, असा रिवाज. काकांची बोटं आखडल्यापासून आमच्या पाराची पेटी माझ्याकडे आहे. त्या जागेवर माझा जीव आहे. वादक हा माझा धंदा आहे असं एकदा कागदावर आलं की ती जागा कुठल्या तोंडाने मागायची?

"लिहा," मी म्हटलं. खोटं लिहून देवासमोर बसणं त्याहून वाईट होतं.

घरी जाताना रस्ता ओला होता आणि माडांवरून धुकं उतरत होतं. स्कूटर आपोआप देवळाकडे वळली. सप्ताहाची तयारी चालली होती. आमच्या पाराला कोणी काय वाजवायला बसायचं हे ठरवणारे वाड्यातले म्हातारे आजोबा ओसरीवर टाळांच्या दोऱ्या बदलत होते. मी सगळं सांगून टाकलं. हॉटेल, कर, फॉर्मवरचा शब्द, काही राखलं नाही. मग म्हटलं, "आजोबा, औंदा पेटीर दुसऱ्याक बसवा."

ते दोरी ओवत राहिले. मग विचारलं, "हॉटेलात पैसे घेतंस?"

"घेतंय."

"हांगा देवळात घेतंस?"

"कधीच नाय."

"मगे? जां बाजारात विकता, तां हांगा फुकट देतंस, तेका देवाक दिलां म्हणतत. ज्याक खंयच कोण इचारना, तो देवाक आनी काय देतलो?" आणि हातातला टाळ माझ्याकडे सरकवून म्हणाले, "धर. गाठ घट मार, माका दिसना."

मी गाठ मारायला घेतली, पण मलाही दिसत नव्हतं.