ब्रेकला ‘टच वुड’ चालत नाही

बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकचा एक नियम होता. नवा भाग बसवला की आधी तीन फेऱ्या रिकाम्या, मग एक फेरी स्वतःची, आणि मगच माणसं. इंग्रजी वाक्प्रचारांनाही त्याने हाच नियम लावला.

तशी वेळच आली होती. सुपरवायझरची जागा तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाली होती आणि तपासणीचे अहवाल गिऱ्हाइकांकडे इंग्रजीतून जायचे. “अहवाल वाचून माणूस बोलतोय असं वाटू दे,” साहेबांनी बजावलं होतं, “नाहीतर परत पान्हा हातात.”

त्याने वही केली. रोज एक वाक्प्रचार. आरशासमोर तीनदा, मग बायकोवर.

“गुडघा कसाय गं?”

“बराय आज.”

“टच वुड!” नजर लागू नये म्हणून त्याने टेबलावर टकटक केलं.

“अहो, प्लास्टिक आहे ते.”

पण कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मान डोलावली. वाक्प्रचार पास.

सोमवारी एका नऊ मजली ऑफिसचा अहवाल गेला. दोर : सो फार सो गुड. ब्रेक : उत्तम, टच वुड. पुढच्या तपासणीपर्यंत : फिंगर्स क्रॉस्ड.

मंगळवारी नऊ मजल्यांची माणसं जिना चढत होती.

“ब्रेक काय लाकडाला हात लावून लागतात?” साहेब कडाडले.

“अर्थ बरोबर आहे साहेब, मुलीला विचारून…”

“अर्थ गेला खड्ड्यात! तिथल्या मॅनेजरबाईंनी लिफ्ट बंद ठेवलीये. आज चालू झालीच पाहिजे. तुमच्या जागेचं मी पुढच्या सोमवारी ठरवतो.”

नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला दम लागला आणि उजेडही पडला. टच वुड कोण म्हणतं? ज्याच्या हातात काही नसतं तो. बायकोच्या गुडघ्याला त्याला पान्हा लावता येत नव्हता. ब्रेकला येत होता, लावलाही होता. वाक्प्रचाराची रिकामी फेरी त्याने भलत्याच शाफ्टमध्ये मारली होती.

त्याने उभ्याउभ्या नवा अहवाल लिहिला. दोर मोजले, झीज मर्यादेत. ब्रेक पूर्ण वजन टाकून तीनदा तपासले. मग तीन फेऱ्या रिकाम्या, एक स्वतःची.

मॅनेजरबाई लिफ्टच्या दारात थबकल्या. “फिंगर्स क्रॉस्ड?” त्यांनी तिरकस विचारलं.

“नो मॅडम. ब्रेक्स टेस्टेड.”

बाई आत आल्या. तळमजल्यावर उतरताना बाईंनी जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी बायकोने दारातच विचारलं, “लिफ्ट?”

“चालू.”

“आणि जागा?”

“ते साहेब सोमवारी सांगणार. आता माझ्या हातात काही नाही.” त्याने एका बोटावर दुसरं बोट चढवून दाखवलं. “फिंगर्स क्रॉस्ड.”

“हे तरी बरोबर का?”

“हे अगदी बरोबर.”

“मग आता बोटं सोडा आणि तो पंखा बघा. महिनाभर खडखडतोय. तो तरी तुमच्या हातात आहे ना?”