उलट्या तोंडाचे बोंबील

मला पापी माणसं फार आवडतात. म्हणजे पडद्यावरची. जपानी ॲनिमेत आणि मांगात, म्हणजे तिकडच्या चित्रकथांत, असा एक हमखास असतोच. गालावर व्रण, केस पांढरे, अर्ध्या गोष्टीपर्यंत सगळ्यांचा छळ करणार आणि मग एक दिवस त्याला उपरती होणार. तो भाग आला की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. बोईसरच्या एका औषध कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर मांगा वाचताना एकदा इतकी रडले, की शेजारच्या ऑपरेटरने घाबरून विचारलं, "मॅडम, घर पे सब ठीक है ना?"

घरी ठीक नव्हतंच. पण त्याला काय डोंबल सांगणार?

आमचं घर शिरगावचं, मासेमारीचं. शेजारी काकी. तिला मूल नाही, म्हणून मी अर्धी तिची. माझ्या वेण्या तिने घातल्या, शाळेचा डबा तिचाच. किनाऱ्यावर बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून आम्ही बोंबील सुकवतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. आईच्या दोऱ्यांना लागूनच काकीच्या दोऱ्या. आणि आमच्याकडे रीत अशी, की आभाळ भरून आलं तर किनाऱ्यावर जो असेल त्याने सगळ्यांचे बोंबील उचलायचे. भांडण असो, अबोला असो, उचलायचे म्हणजे उचलायचे.

चार वर्षांपूर्वी काकी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "हिला नोकरी लागत नाय नि दिवसभर कार्टून बघते." कार्टून! माझं डोकंच फिरलं. नेमके त्याच दुपारी अवकाळी ढग आले आणि किनाऱ्यावर मी एकटी. मी आमचे बोंबील टोपल्यांत भरले, वर ताडपत्री घातली आणि छपराखाली उभी राहून काकीचे भिजताना बघितले. खोटं कशाला बोलू, पहिली पाच मिनिटं बरंही वाटलं. मग वाऱ्याने दोऱ्या हलायला लागल्या आणि बोंबील वाळूत पडायला लागले. पाऊस थांबल्यावर मी पडलेले धुतले, पुन्हा टांगले आणि घरी सांगितलं, "आमचे सुकले होते, ते काढून मी केव्हाच निघाले. पाऊस मागाहून आला."

काकीचा सगळा माल सडला. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "बरं."

त्या एका "बरं"ने माझी झोप उडवली. पुढे नोकरी लागली, मी बोईसरला खोली घेतली आणि शिफ्टचं निमित्त काढून काकीचा उंबरठाच टाळला. ती आईबरोबर बोंबलाची चटणी पाठवायची. डबा उघडला की घास उतरायचा नाही. मला तिची आठवण यायची, रोज यायची, पण तोंड कुठल्या तोंडाने दाखवणार?

मग मागच्या वर्षी एका मालिकेतला पापी आपणच जाळलेल्या गावात परत गेला आणि जमिनीला कपाळ टेकून सगळं कबूल करून मोकळा झाला. मी टाळ्या वाजवल्या आणि मग स्वतःचीच लाज वाटली. या लोकांची बालपणं तरी दुःखात गेलेली असतात. माझं तर काकीच्या लाडात गेलं होतं!

रविवारी तडक शिरगाव गाठलं. काकी बोंबील अडकवत होती. मी तिच्यासमोर गुडघे टेकले, दोन्ही हात पुढे ठेवले आणि पडद्यावर करतात तसंच कपाळ वाळूला लावलं.

"काय पडलं गो? कानातलं?" म्हणत काकीही खाली वाकून वाळू चाचपायला लागली.

"काकी, उठ ना! मी माफी मागतेय!"

"अशी? वाळूत तोंड घालून?"

नाकात वाळू, कपाळाला कोळंबीचं साल, अशा अवतारात मी सगळं सांगून टाकलं. काकी पुन्हा बोंबलांकडे वळली होती, तिचे हात काही थांबले नाहीत.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. आख्ख्या किनाऱ्यावर डावरी तू एकटी. तू अडकवलेली जोडी उलट्या तोंडाची असते. भिजलेल्या दोरीवर उलटी तोंडं मी टांगली का?"

मला आधी रागच आला. "मग तीन वर्षं गप्प का बसलीस?"

"तू आलीस कुठं? बोंबील गेले, दुसरे आले. पोर गेली ती आली नाय."

यावर मी जी रडले, ती बसमधल्यापेक्षा जास्त. काकीने पदराने माझं कपाळ पुसलं आणि विचारलं, "तुझ्या त्या कार्टूनात माफी मागून झाल्यावर काय करतात?"

"बहुतेक मरतात. कुणाला तरी वाचवताना."

"मरू-बिरू नको. पुढच्या रविवारी ये. हात कमी पडतात."

तेव्हापासून सुट्टी असली की मी किनाऱ्यावर. आता मला वाटतं, त्या पापी लोकांना लेखक उगाच मारतात. माफीनंतरच्या साध्या दिवसांत त्यांना कामाला कुठे लावायचं, हे सुचत नसावं. आमच्याकडे पाठवा म्हणावं, बोंबील ढीगभर आहेत.

गेल्या रविवारी मी ठरवून उजव्या हाताने जोड्या अडकवत होते. जमत नव्हतं, बोटं बोंबलांच्या दातांनी ओरबाडली होती, पण नेटाने चाललं होतं. काकी येऊन मागे उभी राहिली.

"ह्ये काय चाललंय?"

"सुलट करतेय. सगळ्यांसारखे."

"नको," काकी म्हणाली आणि मी लावलेली जोडी तिने काढून माझ्या डाव्या हातात दिली. "उलटेच लाव. आठवडाभर जाता-येता बघितलं का कळतं, पोर येऊन गेली."