चौथा टेकू

इमारती तपासणारा इंजिनिअर म्हटलं की लोकांना वाटतं, माणूस सावध असणार. सावध कसला, मी भित्रा आहे. चांदवडकडच्या आमच्या गावात एका लग्नात सभामंडपाचा सज्जा खाली आला होता, आणि महिनाभर आधी तो बघून "चालेल" म्हणणारा मीच होतो. एक बाई त्या दिवसापासून कुबडी घेऊन चालते. गावी गेलो की तिच्या घरावरून जाणारा रस्ता मी टाळतो. कुठल्याही स्लॅबखाली गेलो की माझी नजर आधी वर जाते आणि लगेच पळायच्या वाटेकडे.

त्यामुळे जुन्या नाशकातल्या एका मशिदीचे विश्वस्त माझ्या ऑफिसात आले तेव्हा नाही म्हणायचं मी आधीच ठरवलं होतं. उर्दू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळा मोहल्ला त्यांना सर म्हणायचा, मीही म्हणू लागलो. त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. वरच्या मजल्याच्या स्लॅबखालची तुळई, तिच्या मध्यावर नख जाईल एवढी उभी भेग, आणि कडेचं सिमेंट गळून उघडी पडलेली गंजकी सळई. रमजान चालू होता. त्या दिवशी बुधवार होता आणि शुक्रवारी रमजानमधला शेवटचा जुम्मा होता, म्हणजे वर्षातल्या मोठ्या गर्दीचा दिवस. फोटो बघून तर नाही म्हणायचं आणखी पक्कं झालं. तरी मी गेलो, कारण नाही म्हटलं असतं तर ते कोणाकडेच गेले नसते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मशिदीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. कमानीत चपला काढल्या, आणि आत गेल्यागेल्या टेप लावली आणि माझं धाबं दणाणलं. जमिनीवर नमाजाच्या रांगांसाठी रेघा आखलेल्या होत्या, त्या बाजूच्या भिंतींशी काटकोनात नव्हत्या. समोरची पश्चिमेची भिंतही गल्लीच्या मानाने चांगलीच तिरकी. मला वाटलं, पाया खचला आणि भिंत फिरली. मी सरांना तिथेच बाहेर ओढू लागलो. ते आधी घाबरले, मग मला काय दिसतंय ते कळल्यावर हसायला लागले. म्हणाले, भिंत बांधली तेव्हापासून तशीच आहे, ती काबेच्या दिशेला आहे, म्हणजे पश्चिमेला आणि जराशी उत्तरेकडे. वाकडी आहे ती गल्ली. पंचवीस वर्षांच्या अनुभवाची अशी शोभा झाल्यावर मी टेप गुंडाळली आणि नीट बघायला लागलो.

आमच्या गावच्या देवळात आत जावं तसं अंधारतं, अरुंद होत जातं, आणि गाभाऱ्यात एका वेळी दोघंच मावतात. इथे खोली कमी आणि रुंदी जास्त. सर म्हणाले, पहिली रांग जेवढी लांब तेवढं बरं, कारण तिच्यात उभं राहावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि ती कोणासाठी राखून ठेवता येत नाही. आधी येईल तो पुढे, मग तो हातगाडीवाला असो की डॉक्टर. समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता. सवयीने मी आत वाकून पाहिलं. आत काहीच नव्हतं, चुन्याची भिंत फक्त. खालचे लाकडी खांब नाशकातल्या जुन्या घरांत असतात तसेच, त्याच हातांनी कोरलेले. वरचा मजला मात्र चाळीसेक वर्षांपूर्वी मोहल्ल्याने स्वतः घातलेला. कोणी वाळू दिली, कोणी सळई, शेजारच्याने जिन्यासाठी आपल्या घराची दोन फूट जागा सोडली. म्हणून जिनाही दोनच फुटांचा. सर हे अभिमानाने सांगत होते आणि मला घाम फुटत होता. सगळ्यांनी मिळून घातलेल्या स्लॅबचा हिशोब कोणीच केलेला नसतो.

त्यात आमच्या पुस्तकांतली गर्दी निवांत असते. माणसं इकडेतिकडे उभी असतात, कोणी बसतं, कोणी हलतं. इथे वर तीनशे माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहणार आणि एका हाकेला सगळी एकदम खाली जाणार. ते सगळं वजन त्या भेगेवर एकदम येणार होतं. मी सरांना सरळ सांगितलं, वरचा मजला आजपासून बंद.

सरांनी वर तुळईकडे पाहिलं. रोजा होता, ओठ कोरडे पडले होते. मग म्हणाले, "वर बंद केलं तर ती माणसं रस्त्यावर उभी राहतील, साहेब. रस्त्यावर चटई पडली की कोणीतरी व्हिडिओ काढतं. संध्याकाळपर्यंत काय होईल ते मला सांगता येत नाही. आणि एकदा तुम्ही धोकादायक लिहिलंत की कुलूप लागेल. ते कुलूप उघडायला कोण येणार?"

इकडे आड तिकडे विहीर. मी सुचवलं, निदान वरच्या पुढच्या तीन रांगा रिकाम्या ठेवा, भेग त्यांच्याखालीच आहे. सरांनी मान हलवली. पुढची रांग रिकामी सोडून मागे कोणी उभं राहत नाही, आधी पुढची भरते, मगच मागची. दोन वेळा नमाज लावायचं म्हणाल तर दुसरा इमाम हवा, वडीलधाऱ्यांची समजूत घालायला हवी, दोन दिवसांत ते होणारं नव्हतं. थोडक्यात, सगळ्यात कमकुवत जागी सगळ्यात आधी माणसं उभी राहणार, हे पक्कं होतं. मला त्यांचा राग आला, आणि आणखी राग याचा आला की त्यांचं म्हणणं मला पटत होतं.

शेवटी मी मधली वाट काढली. भित्र्या माणसाला ती नेहमी सापडते. गुरुवारी तुळईखाली चार लोखंडी टेकू उभे केले, तळाशी फळ्या, डोक्यावर फळ्या, आणि आटे फिरवून घट्ट आवळले. तीन टेकू जुन्या खांबांच्या जवळ आले. चौथा बरोबर भेगेखाली, म्हणजे मोकळ्या जागेत, खालच्या दुसऱ्या रांगेच्या मधोमध. भेगेवर काचेच्या तीन पातळ पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या. काच ताणली जात नाही. तुळई जराशी जरी उघडली तरी काच फुटते आणि आपल्याला कळतं. सरांना सांगितलं, शुक्रवार सकाळपर्यंत एक जरी पट्टी तडकली तरी मी कोणाचं ऐकणार नाही. सरांनी विचारलं, तुम्ही शुक्रवारी याल ना? मी येईन म्हणालो.

शुक्रवारी बारालाच पोचलो. पट्ट्या शाबूत होत्या. प्रत्येक टेकू हाताने हलवून पाहिला, पक्का होता. मग लोक यायला लागले. स्वच्छ कपडे, अत्तराचा वास, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणणारी मुलं. प्रत्येक जण टेकूकडे बघायचा, मग वर बघायचा, आणि तरी जिना चढायचा. मी डोकी मोजत होतो आणि प्रत्येक डोक्याला पन्नास-साठ किलो जोडत होतो. हळूहळू मी मागे सरकलो आणि दाराच्या कमानीत जाऊन उभा राहिलो. कमान जुन्या दगडाची, तिच्यावर स्लॅब नाही, काहीही झालं तरी ती जागची हलणार नाही. हे मी बुधवारीच पाहून ठेवलं होतं.

प्रवचन संपलं. इमामांनी रांगा सरळ करायला सांगितलं, खांद्याला खांदा लावा, मध्ये जागा सोडू नका. सगळे उठले, पुढे-मागे सरकले, अंतरं भरली. दोन मिनिटं माणसांशिवाय काही दिसेना. मग रांगा स्थिर झाल्या आणि मी तुळईखाली पाहिलं.

टेकू तीनच होते. चौथा भिंतीकडेला आडवा, व्यवस्थित ठेवलेला.

त्याच्या जागी एक पन्नाशीचा माणूस उभा होता. नंतर कळलं, तो सेंट्रिंगचं काम करायचा, उभ्या आयुष्यात असे हजार टेकू त्याने लावले-काढले होते. आटा कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याचा बिचाऱ्याचा साधा हिशोब होता, चारातला एकच मध्ये येतोय, तो काढला की रांग अखंड होते. तोच नेमका भेगेखालचा होता.

नमाज सुरू झाली. ओरडावं, तर वर तीनशे माणसं आणि उतरायला दोन फुटांचा जिना. पळापळ झाली असती तर स्लॅब पडायच्या आधी माणसं जिन्यात चिरडली असती. गप्प राहावं, तर भेगेखाली टेकू नाही. मी तोंडावर हात दाबून उभा राहिलो आणि काचेकडे बघत राहिलो.

पहिल्यांदा सगळे वाकले तेव्हा काही झालं नाही. मग कपाळ जमिनीला टेकायला, सजद्याला गेले आणि वरून एकच धप्प असा आवाज आला, तो माझ्या छातीत बसला. काच तशीच होती. पुन्हा उठले, पुन्हा गेले. मला माझ्या देवाचं नावसुद्धा आठवेना. दुसऱ्या वेळी उभे राहिले तेव्हा ते इतका वेळ का उभे आहेत याचा मला संताप येत होता. मग ते पुन्हा सजद्याला गेले आणि मधली पट्टी फुटली. एवढासाच आवाज झाला, बांगडी तडकल्यासारखा. थोडा चुना खाली पडला, त्या सेंट्रिंगवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर. त्याचं कपाळ जमिनीला टेकलेलं होतं, त्याला कळलंही नाही.

इमामांनी सलाम फिरवून नमाज संपवली तेव्हा मी शेवटच्या रांगेतल्या एका माणसाचं मनगट धरलं. इमामांना सांगा म्हणालो, वरची माणसं आत्ता उतरवा, घाई न करता, मागच्या रांगेपासून. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्द न विचारता तो आत गेला, त्या तुळईखालून. मी स्वतः गेलो नाही. मला जाता आलं असतं, आठ-दहा पावलं होती.

इमामांनी आवाज न चढवता माइकवर सांगितलं, बाकीची नमाज घरी पढा, आधी मागची सफ, म्हणजे मागची रांग, म्हाताऱ्यांना पुढे घाला. आणि लोक खरोखर तसेच उतरले. एक रांग संपली की दुसरी. कोणी ढकललं नाही. खालचे लोकही भिंतीकडेने बाहेर पडले. सेंट्रिंगवाल्याने टेकू पुन्हा उभा केला आणि आवळला. मला म्हणाला, "साहेब, सफ में जगह नहीं छोडते. मला वाटलं, एकाने काय होतंय." त्याला रागावायचा मला काय अधिकार होता?

ईदनंतर वरचा स्लॅब काढला. आता तिथे जुम्म्याची नमाज दोन वेळा होते, वडीलधाऱ्यांनी कुरकुर करून का होईना मान्य केलं. कुलूप लागलं नाही. लोक मला भेटले की मशीद वाचवली म्हणतात आणि शीरखुर्म्याचा डबा घरी येतो. मी तो घेतो.

त्या दुपारी सगळ्यांत शेवटी सर उतरले. ते खाली असतील असं मी धरून चाललो होतो, पण ते वर होते, पहिल्या रांगेत, बरोबर भेगेवर. त्यांच्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला जावई. मी म्हटलं, सर, तुम्हाला तरी माहीत होतं ना. ते म्हणाले, "म्हणूनच. लोकांना वर जा म्हणणारा मी, मग मी खाली कसा थांबू? घरच्यांनाही तेच सांगितलं."

मग त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "खरं सांगू साहेब, वर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण मुलाला म्हटलं, घाबरू नको, आपल्याखाली टेकूपाशी इंजिनिअर स्वतः उभे आहेत. होतात ना तुम्ही तिथेच?"

"हो," मी म्हणालो.