फवारणीचं विमान

टेबलावर दोन आराखडे पसरले होते. एक लढाऊ विमानाचा, दुसरा कपाशीवर औषध फवारणाऱ्या ढेरपोट्या विमानाचा. यातल्या एकाचं मला बॅटरीवर उडणारं, आठ फुटी पंखांचं मॉडेल बनवायचं होतं. मॉडेल विमानं उडवणाऱ्या आमच्या क्लबातले मित्र म्हणत होते, "लढाऊच कर, मैदानात रुबाब दिसतो."

बायको मात्र टेप घेऊन दाराची चौकट मोजत होती. मागचं विमान खोलीबाहेर काढताना मला खिडकीचे गज कापावे लागले होते, हे ती विसरलेली नाही.

"याचे पंख सुटे होतात गं," मी म्हणालो.

"मग अडलंय कुठे? आवडतं ते करा."

अडलं कुठेच नव्हतं. लहानपणी फवारणीचं विमान आलं की आई धावत जाऊन विहिरीवर ताडपत्री ओढायची आणि मी छपरावर चढायचो. एकदा ते इतकं खाली आलं, की वैमानिकाने मला पाहून चक्क हात हलवला. आकाशात पोचलेल्या माणसाने खालच्या पोराची दखल घ्यावी, याहून मोठा रुबाब मी अजून पाहिलेला नाही.

लढाऊ विमानाची गुंडाळी कपाटावर गेली. मी पेन्सिल उचलली आणि पंखांचं माप घेण्याआधीच वैमानिक काढला. हात वर केलेला.