कशाने मेला, डॉक्टर?

मेलेल्या जनावरांचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. पण मी ठाण्याच्या गुरांच्या दवाखान्यात सतरा वर्षं कंपाउंडर होतो, त्यामुळे ते आपोआप साठत गेले. आमचे डॉक्टर आगाशे खरं तर बैल-घोड्यांसाठी नेमलेले. लोक पाठीमागे त्यांना 'ढोरडॉक्टर' म्हणत. पण कुणाचा पाळलेला ससा जरी एकाएकी मेला, तरी कारण कळेपर्यंत या माणसाला अन्न गोड लागत नसे. आणि त्या वेळी बऱ्या घरांतून पांढरे ससे आणि विलायती उंदीर पाळायचं खूळच आलेलं! विलायती उंदीर म्हणजे गिनीपिग. बिनशेपटीचे, गुबगुबीत.

*

तळ्याजवळ एक वकील राहायचे. एका सकाळी त्यांचे चारही ससे पाय ताणून पडलेले. वकिलीणबाईंनी एकच धोशा लावला होता. "शेजारणीने करणी केली, डॉक्टर! आज ससे, उद्या माझी मुलं!" शेजारीण बिचारी दारात उभी राहून रडत होती.

डॉक्टर पिंजऱ्यात वाकले. एक चघळलेलं पान उचलून त्यांनी विचारलं, "हे कुणी घातलं?"

"मीच. काल सोमवार ना! शंकराचं निर्माल्य पायदळी नको, म्हणून सशांना घातलं."

पिवळी कण्हेर होती. पानाफुलांसकट विष! डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "म्हणजे देवानेच नेले म्हणायचे!"

*

कल्याणला रेल्वेचे एक गार्ड होते. ऐन वैशाखात भरदुपारी त्यांचे सहा विलायती उंदीर मेले. गार्डसाहेबांनी धसकाच घेतला. विहिरीत कुणी विष कालवलं म्हणून घरात दोन दिवस कुणी पाण्याला शिवलं नव्हतं. बायको नारळपाण्यावर!

डॉक्टरांनी उंदरांची पत्र्याची खोली पाहिली. मला म्हणाले, "मी आत बसतो. बाहेरून कडी लाव."

मी कडी लावली. थोड्या वेळाने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही! मी कडी काढली. दार उघडलं तर डॉक्टर लालबुंद होऊन भिंतीला टेकलेले, डोळे अर्धे मिटलेले. त्याच विहिरीची घागर आम्ही त्यांच्या डोक्यावर ओतली. डोळे उघडून पहिलं वाक्य काय? "चौकशी पुरी झाली. पत्रा काढा."

*

मग प्लेग आला, आणि आमचं हसणं बंद झालं.

कल्याणातच अण्णा म्हणून धान्याचे व्यापारी होते. त्यांच्या मुलींचे आठ विलायती उंदीर सकाळपासून दुपारपर्यंत एकामागून एक मेले. डॉक्टरांनी एक तिथेच अंगणात फाडला. जांघेत गाठी, सुपारीएवढ्या. डॉक्टर हळूच म्हणाले, "घरात साधे उंदीर पडलेत का?"

"छे! एकसुद्धा नाही!" अण्णा म्हणाले. कळलं तर सरकारी माणसं सगळ्यांना उचलून प्लेगच्या छावणीत नेतील, ही धास्ती.

स्वयंपाकघरातून त्यांची विधवा बहीण बाहेर आली. गोदाआत्या. "कालपासून सात पडलेत, डॉक्टर. मीच उचलून टाकलेत."

"मग आजच घर सोडा."

अण्णा उसळले, "बैलांच्या डॉक्टरचं ऐकून घर सोडू?"

गोदाआत्या सरळ आत गेल्या. चूल विझवली, दोन्ही भाच्यांचे हात धरले आणि शेतावरच्या खोपटात निघून गेल्या. अण्णा राहिले. आठव्या दिवशी त्यांना उचलायला चार माणसं मिळेनात.

पुढे आम्ही खोपटाकडे गेलो. मुली ठणठणीत होत्या. गोदाआत्या डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या, "त्यालाही ओढून आणायला हवं होतं हो मी!"

*

अण्णांकडचा तो विलायती उंदीर डॉक्टर फाडत होते तेव्हा मी धरला होता, आणि माझ्या बोटाला सुरी लागली होती.

डॉक्टरांनी बोट जंतू मारणाऱ्या कार्बोलिकमध्ये बुडवलं. "जळतंय?"

"जळतंय!"

"जळू दे."

त्यानंतर रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी गाठ आली का म्हणून ते माझी काख चाचपायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो, ते भिंतीकडे. घरी बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. नुसतं जवळ बसायला आली तरी ओरडायचो. तिला वाटलं, मला वेड लागलं!

दहा-बारा दिवस असे गेले. एका सकाळी डॉक्टरांनी चाचपलं, हात धुतले आणि म्हणाले, "आज जरा बायकोशी गोड बोल." मी तिथेच खाली बसून रडलो.

*

आणि ही माजिवड्याची म्हातारी. दुपारी टोपलीत मेलेला ससा घेऊन एकटीच चालत आली. प्लेगच्या तपासणीची सरकारी माणसं तिच्या घरात शिरली होती. सामान बाहेर फेकलं, भांडी आपटली, प्रत्येकाच्या काखेत हात घातले. तेवढ्यात तिच्या कुशीतला ससा मेला.

"प्लेग हाय का, ते सांग," ती म्हणाली. "असंल तर मी घरा जात नाय."

डॉक्टरांनी ससा फाडला. गाठ नाही, डाग नाही. काळीज, आतडी सगळं साफ. त्यांनी दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "आजी, प्लेग नाही. ससा भित्रा जीव. नुसत्या भीतीने मेलाय."

म्हातारीने ससा पदरात गुंडाळला, टोपली उचलली.

"मीपन तितंच उभी होती, डाक्टर," ती म्हणाली. "मना कोन फाडून बघंल?"