कच्च्या शाईतलं नाव

माझं गोष्टींचं पुस्तक छापून सहा महिने झाले, तरी ते वाचल्याचं नागपुरात मला एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. अशात कलकत्त्याच्या कुठल्याशा साहित्यमंडळाचं पत्र आलं. अक्षर वळणदार, हाताचं. 'आपल्या ग्रंथाचे पान न् पान वाचले, नायिकेच्या दुःखाने डोळे पाणावले.' मध्यप्रांतातल्या निवडक ग्रंथकारांत मला सुवर्णपदक द्यायचं ठरलं होतं. पदकाच्या घडणावळीचे पैसे तेवढे मनिऑर्डरीनं आधी धाडायचे होते.

हुरळली मेंढी लागली लांडग्यापाठी, तशी माझी गत झाली. मी विणकर माणूस. घरात विकण्याजोगी एकच वस्तू, मागावरची रेशीमकाठी साडी. जन्मभर दुसऱ्यांच्या साड्यांसाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या माझ्या बायकोनं ती पहिल्यांदाच स्वतःसाठी विणायला सांगितली होती. लेकीच्या लग्नात नेसणार होती.

मी म्हणालो, "ही विकून टाकू. तुले दुसरी विणून देतो."

माझ्या हातातलं पत्र तिनं घेतलं, मांडीवर पसरलं आणि गडव्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यावर घासू लागली.

"काय करून राहिली वं?"

"रंग पाहून राहिली."

बाजारातून आणलेलं रंगीत सूत कच्च्या रंगाचं की पक्क्या, हे ती असंच पारखून घ्यायची. मी पत्र ओढलं. वरच्या ओळीतल्या माझ्या नावाचा निळा डाग झाला होता, बाकीचं अक्षर जसंच्या तसं.

"इथं काय लिवलं होतं?"

"माझं नाव."

"अन् खाली?"

"कौतुक."

"मंग तारीफ पक्की हाय अन् तुमी कच्चे," ती म्हणाली आणि हसत सुटली.

हाताचं वाटलेलं ते अक्षर शिळाछापाचं होतं. कौतुक आधीच छापलेलं, नावापुरती जागा मोकळी. तरी जीव मानेना, म्हणून मी शेजारच्या आळीतल्या मास्तरांकडे गेलो. त्यांचंही एक पुस्तक निघालं होतं, अंकगणिताचं. त्यांनाही हेच पत्र आलेलं. त्यांच्याही नायिकेच्या दुःखानं मंडळाचे डोळे पाणावले होते. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. परतताना मात्र मला फार वाईट वाटलं. पान न् पान वाचणारं खरोखरच कोणी नव्हतं.

घरी हे बोलून दाखवलं, तर बायको म्हणाली, "मले तरी कुठं वाचून दाखवलं?"

तिला वाचता येत नव्हतं आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. त्याची लाजच वाटली. मग रोज दुपारी ती कांड्या भरायची आणि मी वाचायचो. शेवटची गोष्ट संपली तेव्हा तिनं हात थांबवला.

"तुमच्या गोष्टीतली बाई तीनदा रडली, पन एकदाही जेवली नाही. काहून?"

कौतुक नव्हतं ते, पण ऐकून मी जितका सुखावलो, तितका पदकानंही सुखावलो नसतो.

लेकीच्या लग्नात ती साडी नेसून बायको मांडवभर मिरवली. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काही निघाली नाही. माझ्या प्रतीत त्या गोष्टीच्या शेवटी मी दौतीतल्या शाईनं एक ओळ लिहून ठेवली आहे: 'मग ती पोटभर जेवली.' शाई कच्चीच आहे, म्हणून त्या पानाला मी कोणाचा ओला हात लागू देत नाही.