पटवून देणारा माणूस

लातूरच्या आमच्या गल्लीत एक लाइनमन राहतो. बोलताना त्याच्या हातात पकड असते आणि मुद्दा आला की ती तो हवेत दोनदा वाजवतो.

"समाजवाद म्हंजे बगा सर, जी चीज समद्यांच्या गरजेची, ती एकट्याच्या मुठीत नसावी. कुणी म्हणतंय हिसकून घ्या, कुणी म्हणतंय मतदानातून आणा, कुणी म्हणतंय सहकारातून. आपल्याला जबरदस्ती जमत न्हाई. आपण पटवून देणार."

मी मान डोलावत "हाव, हाव" म्हणायचो.

आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. आला की घरोघरच्या मोटारी पाणी ओढून घेतात आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका मावशींच्या नळातून नुसती हवा येते. मोटारी लावू नका, हे त्यानं दारोदार सांगितलं होतं. माझ्याही दारात.

परवा नळ आला, मोटारी घुमल्या आणि एकदम सगळ्या गप्प झाल्या. बाहेर येऊन बघतो तर हा डीपीजवळ उभा, हातात गल्लीचा फ्यूज! मी हादरलोच. या माणसाचा आवाजही कधी चढलेला मी ऐकला नव्हता. तिकडे मावशींच्या घागरीत धार पडत होती.

"अहो, ही जबरदस्ती झाली!" मी ओरडलो. "तुम्ही तर पटवून देणार होतात!"

त्यानं पकड खिशात टाकली.

"बाकीचे तोंडावर न्हाई म्हणले, सर. तुम्ही दर बारीला हाव म्हणलाव. आज तुमच्या मोटारीचा आवाज ऐकला, आन् मग फ्यूज काढला."